जुनी गाडी टिकते म्हणजे नेमकं काय टिकतं?

एवढ्या उन्हात मनीषनगरचं फाटक ओलांडून आलात, त्याबद्दल आधी आभार. आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या मास्तरला शोभणारा नाही, असं दोघातिघांनी मला फोन करून सांगितलं. "सर, शंकराचार्य सोडून मोटारगाड्या?" पण हा विषय मी निवडलेला नाही, तुमच्यातल्याच दोघांनी तो माझ्या गळ्यात घातला. मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना त्यांची जुंपली होती. एकाचे वडील मनसरच्या मँगनीज खाणीवर साहेबाची डॉज चालवायचे. त्यांचं म्हणणं, "अमेरिकन गाडी म्हणजे रणगाडा. आजच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे." दुसऱ्यांच्या घरी तीस वर्षं फियाट होती. ते म्हणाले, "तुमची डॉज आज कुठं आहे, दाखवा. माझी फियाट परवापरवापर्यंत रस्त्यावर होती." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगतो.

महिनाभर विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की दोघंही खरं बोलत होते, पण 'टिकणं' हा शब्द दोघं वेगवेगळ्या अर्थानं वापरत होते. गाडीचं लोखंड टिकणं ही एक गोष्ट. गाडीचं रूप टिकणं, म्हणजे वीस वर्षांनीही ती डोळ्यांना जुनाट न वाटणं, ही दुसरी. आणि एक तिसरं टिकणं आहे, ज्याचा त्या वादात कुणी उल्लेखच केला नाही. त्याच्याकडे मी शेवटी येतो. आधी थोडा इतिहास बघू.

जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डचंही मुंबईत असंच काम चालायचं. सुटे भाग पेट्यांमध्ये भरून बोटीनं यायचे आणि इथं जोडले जायचे. आता गंमत बघा. राज्य इंग्रजांचं, पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्याकडे बोलबाला अमेरिकी गाड्यांचा. असं का? त्याचं एक कारण खुद्द इंग्लंडच्या करपद्धतीत आहे. १९२१ पासून तिथं गाडीवरचा कर अश्वशक्तीवर ठरायचा आणि ती अश्वशक्ती मोजायची सिलिंडरच्या व्यासावरून. मग कारखानदारांनी काय केलं? सिलिंडर अरुंद ठेवले आणि पिस्टनचा फेरा लांब केला. इंजिन लहान, गाडी लहान, कर कमी. युरोपात पेट्रोल महाग, शहरांतल्या गल्ल्या अरुंद. त्यामुळे तिथली सामान्य माणसाची गाडी आटोपशीर झाली. अमेरिकेत याच्या उलट. पेट्रोल स्वस्त, अंतरं प्रचंड, खेड्यांतले रस्ते कच्चे. तिथलं इंजिन मोठं, संथ फिरणारं, कमी दाबाचं, हलकं पेट्रोलही पचवणारं. खाली जाड चासी आणि तिच्यावर वेगळी बॉडी. आपल्या कच्च्या सडकांना आणि घाटांना ही गाडी मानवली.

या जाड चासीची एक गोष्ट आपल्या शेजारच्या वर्ध्यात सांगतात. गांधीजी सेवाग्रामला राहायला लागले तेव्हाची. जमनालाल बजाजांनी एका जुन्या फोर्डला बैल जोडले आणि तिचं गमतीनं नाव पडलं 'ऑक्सफर्ड'. ऑक्स म्हणजे बैल, पुढे फोर्ड! यातला विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. गाडीचं मुख्य अंग असं इंजिन, तेच निकामी झालं, तरी चासी, चाकं आणि बैठक कामाला येतच राहिली. मनसरच्या खाणीवरचे आपले मित्र 'रणगाडा' म्हणतात, तो हा.

मग अमेरिकी गाडी एवढी भक्कम होती तर ती गेली कुठं? याचं उत्तर दोन ठिकाणी शोधावं लागतं. एक डेट्रॉइटमध्ये आणि दुसरं दिल्लीत.

डेट्रॉइटचं आधी. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली, दीड कोटींच्या वर. फोर्डचा हट्ट असा की एकदा चांगली गाडी केली की ती बदलायची कशाला? याला तोडीस तोड मिळाली ती जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनची. बहुतेक लोकांकडे आता गाडी आलेली आहे, हे त्यानं ओळखलं. मग त्यांनी दुसरी का घ्यावी? कारण पहिली जुनी दिसायला लागली पाहिजे. १९२७ मध्ये त्यानं कंपनीत रूपरंगासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि हार्ले अर्ल नावाच्या माणसाला त्याचा प्रमुख केलं. तेव्हापासून दरवर्षी नवं रूप. आत इंजिन तेच, चासी तीच, पण बाहेरचा पत्रा आणि क्रोम बदललेलं. पुढे १९५४ साली ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरनं या धोरणाचं नाव लोकप्रिय केलं, ठरवून आणलेलं कालबाह्यपण. लक्षात घ्या, यात गाडी लवकर मोडावी असा हेतू नव्हता. ती लवकर नकोशी व्हावी, हा हेतू होता. लोखंड वीस वर्षांचं आणि रूप दोन वर्षांचं.

या घाईनं कधीकधी लोखंडालाही त्रास झाला, बरं का. क्रायस्लरनं १९५७ साली प्लिमथ आणि डॉजची एकदम नवी, ठेंगणी, पंखवाली रूपं आणली. दिसायला अप्रतिम. पण घाईघाईत आणल्यामुळे पाणी गळायचं आणि गंज लवकर चढायचा. म्हणजे 'अमेरिकन म्हणजे भक्कम' हे वाक्यही सरसकट खरं नाही. युरोपातही तसंच. मर्सिडीजच्या डिझेल गाड्या आफ्रिकेत टॅक्सी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, आणि इटलीच्या लान्सिया बीटाला एवढा गंज चढायचा की इंग्लंडमध्ये त्यावरून गदारोळ झाला. खंडावरून गाडीची जात ठरवता येत नाही.

आता हे पंख. इंग्रजीत त्यांना टेलफिन म्हणतात, माशाच्या परासारखे मागच्या दिव्यांवर उभे असतात ते. दुसऱ्या महायुद्धातल्या दोन शेपट्यांच्या पी-३८ विमानावरून अर्लच्या विभागाला ही कल्पना सुचली आणि १९४८ च्या कॅडिलॅकवर ते पहिल्यांदा आले. मग प्रत्येक कंपनीनं आपले पंख उंच केले. १९५९ च्या कॅडिलॅकवर त्यांची हद्द झाली. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेनं ते टाकून दिले. कुठल्याही फॅशनचं होतं तेच.

पण दरम्यान हे पंख समुद्र ओलांडून युरोपात पोचले होते. इटलीच्या फियाट ११०० ला १९५० च्या दशकाच्या शेवटी छोटेसे, लाजरे पंख फुटले. आणि तिथून ते आले कुर्ल्याला.

कुर्ल्याची गोष्ट अशी. सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला, तसा मोटारींचाही ध्यास त्यांनी घेतला होता. विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकातच देशी मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंदांनी क्रायस्लरशी बोलणी केली, पण युद्धकाळात सरकारनं दाद दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे प्रीमियरची सुरुवात अमेरिकी गाड्यांनी झाली, फियाट नंतर आली. हे आज अनेकांना माहीत नसतं.

आता दिल्लीतलं उत्तर. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथं जागा नाही, भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. परकीय चलन कमी, पेट्रोल बाहेरचं. अशा देशाला मोठी अमेरिकी गाडी परवडणार नव्हती, लहान युरोपीय गाडीच परवडणार होती. १९५४ मध्ये प्रीमियरनं फियाट ११०० काढली. तिचं बुटकं, गोलमटोल रूप पाहून आपल्या लोकांनी तिला नाव दिलं 'डुक्कर फियाट'. आजही जुन्या गाड्यांचे शौकीन प्रेमानं तेच म्हणतात. तिकडे हिंदुस्तान मोटर्सनं इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५० च्या दशकातच अँबॅसेडर काढली. बघा, वर्ध्याची ऑक्सफर्ड बैलांची आणि उत्तरपाड्याची ऑक्सफर्ड पेट्रोलची. नाव एकच!

पुढे फियाटला पंख आले, १९७० च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, पण रूप मूळचं १९६० च्या आसपासचंच राहिलं. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ च्या सुमारास थांबलं. आपल्याकडे पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत निघत होती. आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस. म्हणजे जी फॅशन अमेरिकेनं साठच्या दशकात कचऱ्यात टाकली, ती इटलीमार्गे कुर्ल्यात येऊन काळ्या-पिवळ्या रंगात आणखी साठ वर्षं जगली. अर्लला हे कुणी सांगितलं असतं तर त्याला झोप लागली नसती.

मग फियाटवाल्या मित्राचं म्हणणं सिद्ध झालं का? थांबा. पद्मिनीचं रूप टिकलं, कारण ते बदलायची कुणाला गरजच पडली नाही. परवाना मोजक्यांना, गिऱ्हाईक रांगेत. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहायचे. अमेरिकेतला ग्राहक दोन वर्षांत कंटाळावा म्हणून लोक पगार घेत होते, आणि आपल्याकडे ग्राहकाला कंटाळायची मुभाच नव्हती. दोन्ही टोकं वाईट. फोर्डनं मॉडेल टी एकोणीस वर्षं चालवली ती हट्टानं, आपण ११०० चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालवली ती नाइलाजानं. या नाइलाजाला आपण आज 'टिकाऊपणा' म्हणतो, हे मला थोडं खटकतं.

पण या नाइलाजातून एक खरी गोष्ट मात्र उभी राहिली. गाडी एकच, वर्षानुवर्षं तीच. त्यामुळे प्रत्येक गावातल्या मिस्त्रीला तिचा नट न नट माहीत झाला. मी १९८० च्या दशकात सेकंडहँड फियाट घेतली. कॉटन मार्केटकडे एक उस्ताद होते, ते तिचं सगळं बघायचे. रिबोअर, नवे पिस्टन-रिंग, क्लचप्लेट, एकदा तर अख्खी जमीन. म्हणजे खालचा पत्रा कापून नवा जोडला. त्या गाडीला वेगळी चासी नव्हती, बॉडीच सगळा भार पेलायची, म्हणून पत्रा गंजला की गाडीच संपली. मुंबईत खाऱ्या हवेनं हे लवकर व्हायचं. आपल्या नागपूरला हवा कोरडी, पत्रा तसा बरा टिकतो, पण पंचेचाळीस डिग्रीत रबर कडक होतं, काचेच्या बीडिंगला भेगा पडतात. आणि मे महिन्यात पेट्रोल पंपापाशी पोचण्याआधीच नळीत वाफ व्हायची, तेव्हा पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं झाडाखाली थांबायचं. त्या काळी वर्धा रोडवर उघड्या बॉनेटची गाडी आणि शेजारी पाण्याची सुरई हे ठरलेलं दृश्य होतं. तुमच्यातले अनेकजण हसताहेत, म्हणजे त्यांनीही फडकं ठेवलेलं आहे.

एकदा मी उस्तादांना विचारलं, "यातलं मूळचं किती राहिलं हो?" ते म्हणाले, "सर, आरसी बुक मूळचं आहे ना, बस." मी घरी येऊन हसलो, आणि मग मला मिलिंदपञ्ह आठवला. राजा मिलिंद रथातून आला, तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतात, यातला रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. रथ हे या सगळ्या जुळणीला दिलेलं नाव आहे, असं शेवटी ठरतं. नागसेनांचा रोख माणसाच्या 'मी'कडे होता. पण गाडीलाही ते तंतोतंत लागू आहे. टिकलेली गाडी म्हणजे न बदललेलं लोखंड नव्हे. जुळणी टिकते, आणि ती टिकवणारा माणूस हवा, त्याला भाग मिळायला हवेत, आणि ते परवडायला हवेत.

हे कळलं की डॉजचं काय झालं तेही कळतं. तिचं इंजिन भक्कम होतं, पण भाग यायचे बंद झाले आणि १९७३ नंतर पेट्रोल भडकलं. काहींनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून तिला जगवलं, बाकीच्या परसात गेल्या. क्यूबात मात्र १९५९ च्या क्रांतीनंतर नव्या अमेरिकी गाड्या येणंच थांबलं, दुसरा पर्याय उरला नाही, म्हणून तिथले लोक त्याच शेवरलेट आणि प्लिमथ रशियन इंजिनं घालून आजही चालवतात. लोखंड तेच, पण देश वेगळा, म्हणून आयुष्य वेगळं.

आणि आपल्याकडेही एक अमेरिकी गाडी टिकली, तीही सर्वांत जास्त. सांगा कोणती? (श्रोत्यांमधून : जीप!) बरोबर. महिंद्रांनी विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमारास आणली आणि तिची वंशावळ अनेक दशकं इथं बनत राहिली. मेळघाटात वनखात्याकडे, गडचिरोलीत तहसीलदाराकडे, निवडणुकीत पुढाऱ्याकडे, सगळीकडे जीप. तिला ना पंख, ना क्रोम. फॅशन नव्हतीच, त्यामुळे फॅशन जायचा प्रश्न नव्हता. अमेरिकेनं टिकाऊ गाडी बनवली नाही असं नाही. जिथं रूप विकायचं नव्हतं, तिथं तिनं ती बनवलीच.

आता तिसऱ्या टिकण्याकडे येतो. त्यासाठी पुन्हा १९५९ साल. कॅडिलॅकचे पंख सर्वांत उंच होते, त्याच वर्षी जर्मनीत मर्सिडीजनं एक नवी गाडी आणली. तिलाही छोटे पंख होते, कंपनी त्यांना पार्किंगची खूण वगैरे म्हणायची. पण त्या पंखांच्या आत बेला बारेनी या इंजिनिअरची एक कल्पना होती. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम असा करायचा की धडकेत तो चुरगळेल, आणि मधला, माणसं बसण्याचा भाग घट्ट ठेवायचा. म्हणजे मार पत्र्यानं खायचा, माणसानं नाही. त्याच वर्षी स्वीडनमध्ये वोल्वोनं निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणी अडकवायचा सीट बेल्ट गाडीत बसवला आणि त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं.

पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं १९५९ ची शेवरलेट बेल एअर आणि २००९ ची शेवरलेट मालिबू, दोन्ही ताशी चौसष्ट किलोमीटरच्या वेगानं एकमेकींवर आदळवल्या. तुम्ही तो व्हिडिओ जरूर बघा. सगळ्यांना वाटलं जुना रणगाडा जिंकणार. जुन्या गाडीचा माणसं बसण्याचा भागच आत घुसला. तिच्यातला ड्रायव्हर बहुधा वाचला नसता, आणि नव्या गाडीतल्याला पायाला किरकोळ इजा झाली असती, असा निष्कर्ष निघाला. तीही अमेरिकन, हीही अमेरिकन. मधे पन्नास वर्षांचं शिकणं.

मला हे त्या चाचणीच्या फार आधी कळायला हवं होतं. आमच्या नात्यातली एक जुनी मोठी गाडी होती, कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, त्याला महत्त्व नाही. बुटीबोरीच्या अलीकडे एका उभ्या ट्रकला आम्ही हळूच धडकलो. वेग फार नव्हता. बंपरला ओरखडा आला, बस. सगळे म्हणाले, काय गाडी आहे! आणि पुढच्या सीटवर माझी बायको कपाळाला पदर लावून बसली होती. डॅशबोर्ड लोखंडी होता. त्यानं काहीच झेललं नाही, सगळं तिच्या कपाळानं झेललं. ती खूण अजून आहे. आम्ही त्या दिवशी गाडीचं कौतुक करत घरी आलो, याची मला आजही लाज वाटते.

म्हणून त्या दोन मित्रांना माझं उत्तर असं. डॉजचं लोखंड जास्त टिकाऊ होतं, हे खरं. फियाट जास्त वर्षं टिकली, हेही खरं. पण एकीला तिच्या देशातल्या विक्रीच्या धोरणानं म्हातारं केलं आणि दुसरीला आपल्या देशातल्या टंचाईनं आणि मिस्त्रींनी तरुण ठेवलं. आणि दोघींनीही आतल्या माणसाची हमी फारशी दिली नव्हती. 'जुनं ते सोनं' म्हणताना कोणतं टिकणं आपण मोजतोय, एवढं स्वतःला विचारा.

(प्रश्न : सर, तुमची फियाट आहे का अजून?)

नाही. पंधरा वर्षांनंतर आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, तपासणी होते. दिल्लीत घातली गेली तशी नुसत्या वयावर बंदी नाही, आणि ते मला योग्य वाटतं. गाडीची अवस्था बघा, जन्मतारीख नको. माझी गाडी दोनदा पास झाली. तिसऱ्यांदा उस्ताद हयात नव्हते आणि त्यांच्या मुलांपैकी कुणी हा धंदा घेतला नव्हता. मग मी ती एका शौकिनाला दिली. नातवाला घेऊन आता मी नव्या गाडीतून फिरतो, बेल्ट लावून. ती दिसायला तितकी देखणी नाही. पण धडकेत ती चुरगळेल आणि नातू वाचेल, हे मला माहीत आहे. म्हातारपणी एवढं पुरे.

चहा तयार आहे, आणि तुम्ही दोघांनी आज एकाच टेबलावर बसायचं आहे.